कीड नसलेली भाजी

रेचल कार्सनबाईंचं 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक आपल्याकडे वाचायच्या आधीच ठाऊक झालेलं असतं. डीडीटी फवारलं, पक्षी मेले, वसंतात गाणं ऐकू येईना, मग बाईंनी पुस्तक लिहिलं, कंपन्या चिडल्या आणि पुढे १९७२ साली अमेरिकेत शेतीसाठी डीडीटी बंद झालं. एवढी गोष्ट कळली की पुस्तक वाचल्यासारखंच वाटतं. माझी तक्रार या ऐकीव ओळखीवर आहे. १९६२ साली आलेल्या या पुस्तकात सतरा प्रकरणं आहेत. त्यातलं बारावं आणि तेरावं प्रकरण पक्ष्यांपेक्षा माणसाबद्दल जास्त बोलतं. विष माणसाच्या अंगात गेल्यावर कुठं बसतं आणि काय बिघडवतं, हे बाईंनी तिथं समजावून सांगितलं आहे. आज आपल्या घराघरांत देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात शुगरच्या गोळ्यांची डबी असते. म्हणून मी म्हणते, आपण बायकांनी पुस्तक हातात घ्यावं ते याच दोन प्रकरणांसाठी. मला ती फार आवडली. एका ठिकाणी ती अपुरीही वाटली. दोन्ही सांगते.

बाराव्या प्रकरणात यकृत आहे. आपण यकृत म्हटलं की कावीळ आणि दारू एवढंच आठवतो. कार्सनबाई यकृताचं वर्णन एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबातल्या कर्त्या बाईसारखं करतात, म्हणजे शब्द त्यांचे नाहीत, माझे आहेत, पण वाचताना चित्र तेच उभं राहतं. आलेलं अन्न पाहायचं, साठवायचं, लागेल तसं मोजून द्यायचं, नको ते बाहेर घालवायचं. रक्तातली साखर बेताची ठेवायची ती यकृतानंच. जास्त झाली की साठवायची, कमी पडली की काढून द्यायची. आणि अंगात शिरलेलं विष निकामी करायचं कामही त्याच कर्त्या बाईच्या गळ्यात. डीडीटीच्या जातीची, क्लोरिन असलेली कीटकनाशकं अंगातल्या चरबीत साठून राहतात आणि यकृतालाच इजा करतात, हे त्यांनी त्या काळी उपलब्ध असलेल्या अभ्यासांच्या आधारानं मांडलं. चरबी वापरायची वेळ आली की साठलेलं विष पुन्हा रक्तात उतरतं, हेही सांगितलं. मला इथं आपल्या उपासांची आठवण झाली. अंगातली चरबी म्हणजे नुसता लठ्ठपणा नव्हे, तिच्यात कधीतरी पोटात गेलेल्या गोष्टींचा साठाही असतो, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तेरावं प्रकरण अवघड आहे, पण पुस्तकातलं सगळ्यात चांगलं तेच. पेशीच्या आत अन्न जळतं कसं आणि त्यातून बळ तयार होतं कसं, हे त्यात आहे. पेशीत अन्नाचं ज्वलन आणि बळाची साठवण या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या असतात. काही विषं हा जोड तोडतात. मग ज्वलन जोरात चालतं, पण हाती काही लागत नाही. बाईंनी यासाठी गाडीच्या इंजिनाचा दाखला घेतला आहे. मी माझ्या वाचणाऱ्यांसाठी असं सांगेन, शेगडी भडाभडा पेटली आहे आणि पातेलं तिच्यावर ठेवलेलंच नाही. गॅस संपतो, स्वयंपाकघर तापतं, भात काही शिजत नाही.

असा जोड तोडणाऱ्यांपैकी डायनायट्रोफिनॉल हे एक. याच कुळातली रसायनं शेतात कीड आणि तण मारायला वापरली गेली. आणि १९३३ च्या सुमारास तेच डायनायट्रोफिनॉल अमेरिकेत वजन उतरवायचं औषध म्हणून विकलं जात होतं! वजन उतरायचं खरंच. पण कुणाचं अंग तापून जीव गेला, कुणाला तरुणपणी मोतीबिंदू झाले. १९३८ पर्यंत ते माणसांसाठी धोक्याचं ठरवून बंद करावं लागलं. पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागात कार्सनबाईंनी ही हकिगत दोन-चार वाक्यांत दिली आहे. मला ती अख्ख्या पुस्तकातली सगळ्यात बोलकी जागा वाटते. कीटकनाशक आणि आपलं अन्न पचणं, वजन, साखर या गोष्टींचा संबंध कुणी ओढूनताणून लावलेला नाही. काही विषं मुळात पेशीच्या चुलीवरच घाव घालतात, आणि ती चूल किड्याची नि माणसाची फार वेगळी नाही.

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं, आता बाई मधुमेहाबद्दल बोलतील. यकृत सांगून झालं, साखर सांगून झाली, चूल सांगून झाली. पण त्या वळतात ते गुणसूत्रांकडे, आणि चौदाव्या प्रकरणात कर्करोगाकडे. माझी पहिली टीका ही. हाताशी आलेला धागा त्यांनी सोडून दिला. का सोडला असेल, याचा मी विचार केला. एक तर अणुबाँबच्या चाचण्यांचा तो काळ, गुणसूत्रं बिघडण्याची भीती सगळ्यांच्या मनात होती, त्या भीतीशी जोडलेलं लोकांना लवकर पटणार होतं. दुसरं म्हणजे पुस्तक लिहीत असताना, १९६० साली, त्यांना स्वतःला स्तनाचा कर्करोग असल्याचं निदान झालं आणि १९६४ साली त्या गेल्या. आणि तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शुगर हा गाजावाजा न करता येणारा आजार. माणूस शेतात कोसळत नाही, पेपरात फोटो येत नाही. तहान लागते, पायाला मुंग्या येतात, जखम भरत नाही. असल्या आजारावर खडबडून जागं करणारं पुस्तक लिहिणं कठीणच.

तो धागा पुढे दुसऱ्यांनी उचलला. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांत १९९३ पासून शेतकरी, फवारणी करणारे आणि त्यांच्या बायका अशा सुमारे ८९ हजार जणांचा अभ्यास सुरू झाला. २००८ साली त्यातून दिसलं की आल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर, डायक्लोरव्हॉस अशी काही ठराविक औषधं वापरणाऱ्या पुरुषांत मधुमेह जास्त आहे. बायकांचं वेगळं मोजलं गेलं, हे मला विशेष वाटतं. स्वतः औषध कालवणाऱ्या किंवा मारणाऱ्या तेरा हजारांहून जास्त शेतकरी-बायकांचा अभ्यास २०१४ साली आला, आणि फोरेट, पॅराथिऑन, डिल्ड्रिन यांसारख्या पाच औषधांशी मधुमेहाचा संबंध त्यात दिसला. त्याआधी २००७ साली, पोटुशी असताना पहिल्या तीन महिन्यांत ज्या बायकांनी औषध कालवलं, मारलं किंवा पंप दुरुस्त केला, त्यांच्यात गरोदरपणातली शुगर दुपटीच्या थोडी वर आढळली होती.

अमेरिका लांब आहे म्हणाल, तर मदुराई लांब नाही. मदुराई कामराज विद्यापीठाच्या संशोधकांनी तमिळनाडूच्या खेड्यांत पाहणी केली, ती २०१७ साली छापून आली. औषधांशी नेहमी संबंध येणाऱ्या लोकांत मधुमेहाचं प्रमाण १८.३ टक्के, संबंध न येणाऱ्यांत ६.२ टक्के. म्हणजे जवळजवळ तिप्पट. मग त्यांनी उंदरांना सहा महिने मोनोक्रोटोफॉस थोडं थोडं दिलं. कीटकांचे मज्जातंतू बिघडवून मारणारं हे औषध. पण इथं वाट निराळीच निघाली. आतड्यातले सूक्ष्म जीवाणू ते औषध फोडतात, त्यातून अॅसिटेटसारखी आम्लं तयार होतात आणि त्यांच्यापासून अंग नवी साखर बनवायला लागतं. गोड न खाता साखर! २०२१ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून उंदरांवरचा आणखी एक अभ्यास आला. क्लोरपायरीफॉस अगदी थोडं असलं तरी अंगातली तपकिरी चरबी, जी जळून ऊब देते, ती मंद होते. डायनायट्रोफिनॉलनं चूल भडकवली होती, हे तिला विझत आणतं. बिघाड उलटा, पण जागा तीच.

आता इथं घाई नको. एकत्र दिसलेल्या दोन गोष्टी म्हणजे कारण आणि परिणाम नव्हेत, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. अनेकांत मानणाऱ्यांनी एका कारणाला चिकटून बसू नये. आईवडिलांकडून आलेलं, जेवणातलं मैदा-साखर-तेल, झोप, बसून राहणं, मनाचा ताण, हे सगळं शुगरच्या मुळाशी आहेच. एखाद्या बाईकडे बोट दाखवून 'तुझी शुगर औषधामुळेच' असं कुणी म्हणू शकत नाही. पण 'औषधाचा काही संबंधच नाही' असंही आता म्हणता येत नाही, एवढं नक्की.

आणि तरी आपल्याकडे तेच म्हटलं जातं. समाजाच्या आरोग्य शिबिरांतली भाषणं मी ऐकलीत, स्मरणिकांतले मधुमेहावरचे लेख वाचलेत. त्यांत बाईच आरोपी असते. बाई गोड खाते, बाई फिरायला जात नाही, बाई उरलंसुरलं ताटातलं संपवते. पारण्याला शिरा करते तीही बाई आणि तो खाऊन जाड होते तीही बाई. सगळा मधुमेह जणू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. भाजी शेतातून उंबऱ्यापर्यंत आली कशी, तिच्यावर किती वेळा काय मारलं, हे एकाही भाषणात येत नाही. शेतात खुरपणाऱ्या, औषधासाठी घागरीनं पाणी आणणाऱ्या, मालकाचे फवारणीचे कपडे हातानं धुणाऱ्या बाईची शुगर कुणाच्या शिऱ्यामुळे, ते मला सांगा की!

कार्सनबाईंवरची माझी दुसरी टीका इथून सुरू होते, आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे. त्यांच्या पुस्तकात विष वरून पडतं. विमानं येतात, सरकारी खातं ठरवतं, कंपनी विकते, आणि खाली अंगणात उभा असलेला नागरिक, ज्याला कुणी विचारलेलं नाही, तो भिजतो. गुन्हेगार एकीकडे, सोसणारा दुसरीकडे. त्यांच्या देशात, त्या काळी, हे बरोबरही होतं. पण बेळगाव, निपाणी, चिकोडी, सांगली, कोल्हापूर या आपल्या पट्ट्यात हे चित्र जसंच्या तसं बसत नाही. इथला दिगंबर जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा आहे. उत्तरेकडच्या पाहुण्यांना त्याचं नवल वाटतं, जैन आणि नांगर! ऊस, तंबाखू, सोयाबीन, द्राक्षं, भाजीपाला. पाठीवर पंप असतो तो आपल्याच भावाच्या. बाजारात भाजी निवडणारी असते ती आपलीच वैनी. विष वरून पडत नाही, ते एका घराच्या मागच्या दारानं जाऊन पुढच्या दारानं परत येतं.

आणि त्याला आपण म्हणतो काय? औषध. 'औषध मारलं काय हो?' कन्नडातही औषधच. एकाच घरात गोठ्यातल्या फळीवर एक औषध आणि कोनाड्यात दुसरं औषध. एक कीड मारायला, दुसरं शुगर उतरवायला. पहिल्या औषधाला औषध म्हणता म्हणता त्याचं विषपण आपल्या तोंडून निघून गेलं आहे. २०१३ साली बिहारमध्ये छपऱ्याजवळ शाळेच्या दुपारच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस मिसळलं गेलं आणि २३ मुलं गेली. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा चार दिवस आपण 'विष' हा शब्द वापरला, मग पुन्हा औषध.

आता आपल्या चौक्यात या. आपल्या घरची बाई भाजी जशी शोधते तशी कुणी शोधत नसेल. पालेभाजीचं एकेक पान उजेडात धरायचं, भेंडी उभी चिरून बघायची, शेंगांचा प्रत्येक दाणा सोडवायचा, पीठ चाळायचं, पाणी गाळायचं. त्रसजीव पोटात जाऊ नये आणि हातून मरू नये, यासाठी. ही सवय मला मोलाची वाटते, तिच्याबद्दल चेष्टेनं बोलणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण या सवयीच्या पोटातून दुसरी एक सवय निपजली आहे, तिच्याकडे बघा. शोधायला वेळ नाही, म्हणून आपण बाजारातूनच अशी भाजी उचलतो जिला एकही भोक नाही. भाजीवाल्याला सांगतो, किडकी देऊ नको बाई, आमच्यात चालत नाही. चकचकीत, एकसारखी, निर्जंतुक भाजी. घरी आणून शोधली तर काही सापडत नाही आणि मनाला समाधान होतं, जीवहिंसा टळली.

टळली कुठली! ती शेतात होऊन गेली. एक अळी आपल्या विळीखाली येऊ नये म्हणून हजार अळ्या, त्यांच्या मागे मधमाशा, गांडुळं, बेडूक शेतात मेले. आपण कीड नसलेली भाजी मागतो तेव्हा कीड मारायची मागणीच नोंदवत असतो, आणि शेतकरी ती पुरी करतो. आपल्या ग्रंथांत हिंसेचे चार प्रकार सांगितलेत, संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. श्रावकाला निदान संकल्पी तरी पूर्ण सोडायला सांगितली आहे. नांगराखाली जीव मरतो ती उद्योगी, तिला नाइलाज आहे, हे सगळे मानतात. पण मारण्यासाठीच बनवलेलं, मारण्यासाठीच विकत आणलेलं, मारण्यासाठीच शिंपडलेलं औषध कोणत्या खान्यात घालायचं? कुणी पीक वाचवायचं म्हणून उद्योगीत घालतात, कुणी विरोधीत. मला ते इतकं सोपं वाटत नाही. श्रावकाचारात वर्ज्य धंद्यांच्या यादीत विषाचा व्यापार स्पष्ट आहे. मग विषाची मागणी कशी वर्ज्य नाही, हा प्रश्न प्रवचनात कुणीतरी घ्यावा अशी माझी फार इच्छा आहे.

कार्सनबाईंच्या पुस्तकात हा प्रश्न नाही, कारण त्यांच्या वाचकानं विष मागितलेलं नव्हतं. आपण मागितलं आहे, धर्माच्या नावानं मागितलं आहे, आणि तेच आतल्या वाटेनं फिरून यकृतापर्यंत आणि साखरेपर्यंत पोचत असावं अशी शंका घ्यायला आता जागा आहे. म्हणून मी हे पुस्तक अपुरं म्हणते. वाईट म्हणत नाही. त्यांनी पेशीतल्या चुलीपर्यंत नेऊन सोडलं, तिथून आपल्या घरातल्या चुलीपर्यंतचं अंतर आपलं आपल्यालाच चालायचं आहे. आणखी एक सांगते. या बाईंवर त्या काळी काय काय टीका झाली! भावनेच्या भरात लिहिते, बाईमाणूस आहे, शास्त्र कळत नाही. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या शास्त्रज्ञांच्या समितीनं अहवाल दिला आणि तो बाईंच्या म्हणण्याला बळ देणाराच निघाला. आणि त्यांनी सरसकट सगळी औषधं बंद करा असं म्हटलंच नव्हतं. समजून, मोजून, शेवटचा उपाय म्हणून वापरा, एवढंच म्हणणं होतं. ज्याच्या पोटावर पीक आहे त्या शेतकऱ्याला एका रात्रीत सगळं सोड म्हणणं मलाही मान्य नाही. नुकसान झालं तर त्याच्या पोराबाळांचं काय, ते आपण भरून देणार आहोत का?

तुम्ही म्हणाल, मग करायचं काय, भाजी खायची सोडायची? मुळीच नाही. भाजी सोडून मैदा खाल्ला तर शुगर दुप्पट वेगानं येईल. वाहत्या पाण्यात चोळून धुतल्यानं वरवरचं औषध बरंच जातं, ते करावंच. पण मोनोक्रोटोफॉससारखी काही औषधं झाडाच्या आत भिनतात, ती धुऊन जात नाहीत. भारतात २००५ सालापासून भाजीपाल्यावर ते मारायला बंदी होती, ती काही उगाच नव्हे. तिथं धुण्यापेक्षा विचारणं उपयोगाचं. औषध मारल्यावर ठराविक दिवस भाजी तोडायची नसते, ते दिवस बाटलीवरच्या कागदावर लिहिलेले असतात. आपला भाऊ, आपला दीर, आपला नेहमीचा भाजीवाला, त्याला विचारा, काय मारलं आणि मारून किती दिवस झाले? मुनींच्या आहाराचा चौका लावताना विहिरीच्या पाण्यापासून सरपणापर्यंत सगळं विचारतो आपण, हे एक विचारायचं राहून गेलं आहे. घरातली बाई पोटुशी असेल तर औषध कालवायला, पंप धुवायला तिला लावू नका, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. आरोग्य शिबिर घेणाऱ्यांनी शुगर तपासताना शेतातल्या कामाचाही एक रकाना ठेवावा.

आणि भोक पडलेली भाजी घ्यायला शिकूया. दोन पैसे कमी देऊन नव्हे, तेवढेच देऊन. भेंडी चिरताना अळी निघाली तर दचकायचं नाही. पानावर घ्यायची, परसात नेऊन हळूच सोडायची आणि परत येऊन पुढची भेंडी चिरायची. वेळ जास्त लागेल. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न खाणाऱ्यांना आणि रोज सूर्य बुडायच्या आत जेवण उरकणाऱ्यांना वेळेचं कारण सांगता येणार नाही.